होडीच्या रंगातली सायबीण

आमच्या चर्चला किती वर्षं झाली हे मी कुणाला सांगत नाही, कारण मला ते माहीत नाही. चर्च बाहेरच्या लोकांना पाहायला खुलं करायचं ठरलं, तेव्हा दाराशी लावायच्या फलकाचा मजकूर कुणीतरी लिहून आणला. त्यात 'चारशे वर्षांपूर्वीचे' असं होतं. मी विचारलं, कशावरून? आणणारा म्हणाला, सगळेच म्हणतात. सगळेच म्हणतात हा पुरावा नव्हे. पुष्कळ वादावादी झाली आणि शेवटी फलकावर 'जुने चर्च' एवढंच राहिलं. ते खोटं नाही.

मी रत्नागिरीतल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. डबे मोजल्याशिवाय सही करायची नाही ही तिथली सवय घरीही येते, असं बायको म्हणते. या सवयीमुळेच फादरांनी मला दुरुस्ती समितीत घेतलं आणि कामाचं वेळापत्रक माझ्या गळ्यात घातलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईकर आणि पर्यटक येतात, त्याआधी चर्च उघडायचं होतं.

सुरुवातीची कामं बरी झाली. छपराची कौलं उतरवून कुजलेले वासे बदलले. कोकणात दर पावसाळ्याआधी घर शाकारायची पद्धत, त्यामुळे ते काम करणारी माणसं मिळाली. भिंतींचं प्रकरण जरा अवघड होतं. मागे कुणीतरी हौसेने जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. आतली ओल आतच राहून दगड पिठासारखा सुटत होता. तो गिलावा फोडून पुन्हा चुन्याचा केला.

सगळ्यांत जास्त भांडण चपलांवरून झालं. आम्ही चर्चमध्ये चपला घालून जातो. पण आमचे हिंदू शेजारी कधी आत आले तर पायरीवर चपला काढूनच येतात, कितीही सांगा. आता लोक पाहायला येणार, तर फलकावर काय लिहायचं? फरशी जुनी, समुद्राची वाळू पायाला लागून येते आणि तिने घासली जाते, म्हणून चपला बाहेर काढाव्यात, असं एक मत निघालं. समितीतले निवृत्त मास्तर भडकले. "म्हणजे पाहुणे अनवाणी आणि मी बुटात? मी आत शिरलो की लोक मलाच बाहेर काढतील!" तो मुद्दा अजून लोंबकळतोय. फलकावर त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. लोक आपापल्या मनाने काय ते करतात.

मग सायबिणीचा विषय निघाला.

मरियामातेला आमच्यात सायबीण म्हणतात. आमच्या चर्चमध्ये अल्ताराच्या, म्हणजे मुख्य वेदीच्या, उजव्या हाताला कोनाड्यात तिची लाकडी मूर्ती आहे, चार फुटांना थोडी कमी. गुलाबी गाल, लाल ओठ, काळ्याभोर भुवया आणि चकचकीत निळा झगा. लहानपणापासून मी तिला अशीच पाहिली. आणि हा सगळा रंग माझ्या पप्पांनी दिलेला होता.

पप्पा होड्या रंगवायचे. पावसाळ्यात मिरकरवाडा बंदरावर होड्या वर काढून ठेवतात, तेव्हा मालक त्या रंगवून घेतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की रंगाऱ्याकडे डब्यांच्या तळाला थोडाथोडा ऑइलपेंट उरतो. तो घरच्या दाराखिडक्यांना लावायचा नाही, सायबिणीला द्यायचा, अशी रीत पप्पांच्या आधीपासून चालत आली होती. होडीवाला हिंदू असो की मुसलमान, "डबा सगळा खरवडू नको, बाईला ठेव," असं स्वतःच सांगायचा. सप्टेंबरच्या आठ तारखेला सायबिणीचं फेस्त, म्हणजे तिचा सण, असतो. त्याआधी दोन-तीन दिवस पप्पा चर्चमध्ये बसून मूर्ती रंगवत. झग्याचा रंग त्या वर्षीच्या होड्यांवर अवलंबून. बहुतेक निळा, पण एका वर्षी सगळ्यांनी हिरवाच रंग घेतला आणि सायबीण वर्षभर हिरव्या झग्यात उभी राहिली. त्या वर्षी तिच्यापुढे फुलं जास्तच पडली म्हणतात.

पप्पा जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्यानंतर मूर्तीला कुणी रंग लावला नाही. दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की आई त्या कोनाड्यासमोर उभी राहते. ओठ हलत नाहीत, हात जोडलेले नसतात. नुसती बघत असते. सुरुवातीला मला वाटायचं ती प्रार्थना करते.

मूर्ती तपासायला गोव्याहून एक मुलगी आली होती. तिशीची असेल. जुन्या मूर्ती दुरुस्त करणं हेच तिचं काम. तिने मला जवळ बोलावून सायबिणीच्या नाकाशेजारी फुगलेला रंग दाखवला. म्हणाली, बोट लावून बघा. मी लावलं. रंगाखाली लाकूड दबलं, जुन्या पावासारखं. इतक्या वर्षांचा ऑइलपेंट एकावर एक बसून जाड साल झाली होती, लाकडातली ओल बाहेर पडायला जागा नव्हती. "रंग काढला नाही तर चेहरा राहणार नाही," ती म्हणाली. "आणि खाली मूळ रंग असेल तर तोही दिसेल."

समितीची सभा झाली. रंग काढायला कुणाची हरकत नव्हती. हरकत येऊ शकत होती ती एकाच माणसाची, आणि ते माणूस सभेत नव्हतं.

मास्तरांनी तोडगा काढला. "ईस्टरच्या आधी सगळ्या मूर्तींवर जांभळं कापड टाकतोच आपण. कापड पडलं की मूर्ती मागच्या मागे आत न्यायची, काम उरकायचं, परत ठेवायची. ईस्टरला कापड निघेल तेव्हा जे दिसेल ते दिसेल."

"आणि ह्याच्या आईचं काय?" फादर माझ्याकडे बघत म्हणाले.

"तिला मोतीबिंदू आहे. लगेच नाही कळायचं."

"ऑपरेशन झालंय मास्तर," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा स्वच्छ दिसतं तिला."

सगळे हसले, पण मास्तरांची योजना कुणालाच फारशी वाईट वाटलेली दिसली नाही. आमच्यात हे असंच चालतं. एखाद्याला दुःख होणार असेल तर त्याला सांगायचं नाही, म्हणजे दुःख झालंच नाही असा हिशोब. मला तो जमत नाही. मी म्हटलं, मी तिला सांगेन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती.

"आई, सायबिणीचा रंग काढायचा म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"समिती."

"समितीत तू हायस ना?"

"आहे."

"मग 'म्हणतात' काय रे? आम्ही काढतोय म्हणून सांग."

मी सांगितलं. लाकूड कसं मऊ पडलंय, ओल कशी अडकते, सगळं. ती माशांचे कल्ले काढत राहिली. मांजर येऊन बसलं, त्याच्याकडे तिने लक्षही दिलं नाही, एरवी पहिला कल्ला त्याचा असतो.

"तुज्या पप्पांचं दुसरं काय उरलंय?" शेवटी ती म्हणाली. "होड्या दर वर्षाला खरवडतात. त्यांनी रंगवलेली एक होडी बंदरात शिल्लक नाय. हे दार त्यांनी रंगवलेलं, त्याला तू मागच्या दिवाळीला कॉफी कलर दिलास. एक तो चेहराच तेवढा हाय. तो बघूनच मी घरी येते."

मी मोबाइलमधला मूर्तीचा फोटो काढून दाखवला, रंग काढायच्या आधी चांगले मोठे फोटो काढून फ्रेम करून देऊ असं म्हटलं. तिने ओल्या हातांनी मोबाइल धरला नाही, लांबूनच पाहिला. म्हणाली, "बेस." बेस म्हणजे विषय संपला.

बायको त्या रात्री माझ्यावरच चिडली. "त्यांना फ्रेम कशाला दाखवता? भिंतीवर पप्पा फ्रेममध्येच आहेत की."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघताना चपला घालत होतो, तेव्हा आतून आवाज आला.

"लाकूड खराब होतंय हे खरं ना? का त्या मास्तराचं काहीतरी?"

"खरं आहे. मी बोट लावून पाहिलं."

"मग काढा. पण एकदम नाय काढायचं. एकएक हात काढायचा, आधी वरचा, मग त्याच्या खालचा. आणि मी समोर बसणार."

रंगाच्या एका थराला रंगारी 'हात' म्हणतात. एक हात, दोन हात. आई लग्नानंतर दुसरं काही शिकली नसेल तरी हे शिकली होती.

गोव्याच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. औषध लावून जाड साल एकदम सोडवता येते, ते लवकर होतं. एकएक थर सोडवायचा तर हातात बारीक सुरी आणि डोळ्याला भिंग लावून टिचभर टिचभर खरवडत जावं लागतं. "सगळ्या मूर्तीचं तसं करत बसले तर तुमचा मे महिना कुठला, पुढचा नाताळ येईल." मग आम्ही दोघांनी बसून मार्ग काढला. झगा आणि मूर्तीचे हात औषधाने, चेहरा तेवढा सुरीने. पाठीमागे झग्याच्या खालच्या बाजूला वितभर पट्टी तशीच ठेवायची, सगळ्या थरांसकट, पुढे कुणाला अभ्यासाला हवी असेल तर. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पाठ कोण बघतो?"

चेहऱ्याला जास्त लागणारा वेळ कुठून तरी काढायला हवा होता. मी वेळापत्रकातून फरशीची पॉलिश काढून टाकली आणि ती पावसाळ्यानंतर लिहिली. मास्तर म्हणाले, "वा! आम्ही पाच मिनिटं उशिरा आलो तर घड्याळ दाखवतोस. आता आईसाठी फरशी पावसापलीकडे टाकलीस." मी म्हटलं, हो, टाकली. ते खरंच होतं.

कापड पडल्यावर मूर्ती अल्तारामागच्या खोलीत नेली. ही खोली फादरांच्या कपड्यांची. तिथे एक टेबल, एक भिंगाचा दिवा, आणि आईसाठी घरून नेलेली प्लॅस्टिकची खुर्ची. दुपारी जेवण झालं की आई तिथे जाऊन बसायची. कारखान्यात हंगाम अजून सुरू झाला नव्हता, त्यामुळे मीही अर्ध्या दिवसाने सुटून जमेल तसा जायचो.

पहिल्या दिवशी मुलीने बाटलीचं बूच काढलं आणि आई एकदम ताठ झाली.

"काय झालं आंटी? वास सहन होत नाही का? मास्क देऊ?"

"नको गो. थिनरचा वास हा. ह्याचे पप्पा घरी आले की आधी हा वास यायचा, मग ते." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि आंटी नको म्हणू. मावशी म्हण."

आई लग्न होऊन वेंगुर्ल्याहून आलेली. मुलगी गोव्याची. दोघींची भाषा इतकी जवळची होती की मी खोलीत असलो तरी त्यांना माझी गरज नसायची.

सगळ्यांत वरचा हात पप्पांचा शेवटचा. भुवयांची रेघ थरथरलेली होती, हे मला त्या भिंगाखाली पहिल्यांदा दिसलं. खालून बघताना कधी कळलं नव्हतं. आईला माहीत होतं. "तेव्हा त्यांचा हात हलायचा. दुसऱ्याला देऊ म्हटलं तर चिडले. उजवा हात डाव्या हाताने धरून काढलेली भुवई ती." मुलीने सुरी थांबवली. आई म्हणाली, "थांबू नको, काढ. बोलते ती मी अशीच."

तो गेला. त्याखालचा चेहरा जरासा पिवळट. आई हसली. होडीच्या रंगात अंगाचा रंग नसतो, तो पांढऱ्यात लाल आणि पिवळा घालून करावा लागतो. त्या वर्षी लाल कमी उरला होता आणि सगळी गल्ली म्हणत होती सायबिणीला कावीळ झाली. एका थराच्या वर काजळीचा जाड काळा पट्टा निघाला, मेणबत्त्यांचा. त्या वर्षी मूर्ती रंगवलीच नव्हती, पप्पा सिव्हिल हॉस्पिटलात होते. एका थराला ओठ हसरे होते. "खेडवाली झाली तेव्हाचं," आई म्हणाली. माझी धाकटी बहीण आता खेडला असते, तिला घरात आम्ही खेडवाली म्हणतो. "मुलगी झाली म्हणून स्वारी खूश. फादर रागावले होते, सायबीण हसते कशी म्हणून. पप्पा म्हणाले, तिलाच विचारा."

मला सांगायला हवं की आईचं सगळंच बरोबर यायचं नाही. ओठांच्या कडेला एका थरात हिरव्याचा शिंतोडा सापडला, म्हणजे ते हिरव्या झग्याचं वर्ष. आईच्या मते ते माझ्या जन्माआधीचं, आणि थरांच्या क्रमाने ते खेडवालीच्या नंतरचं निघालं. आई ऐकेना. "मूर्ती चुकते," म्हणाली. थर आणि वर्षं यांचा मेळ मी मनात घालून पाहिला, तो बसला नाही. बहुधा काही वर्षी पप्पांनी दोन हात दिले असतील. मी तो नाद सोडला. माझ्यासारख्या माणसाने असा नाद सोडला हे बायकोला सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना.

जसजसं खाली जाऊ तसतशा भुवया सरळ होत गेल्या, रेघ धीट होत गेली. मी समोर बसून पप्पांना तरुण होताना पाहत होतो. माझ्या आठवणीतले पप्पा मध्येच कुठेतरी संपले, त्यापुढचे पप्पा मला ओळखीचे नव्हते. आईला होते. तिचा आवाजही बदलला होता. मध्येच त्या मुलीला काहीतरी हळू सांगायची आणि दोघी हसायच्या. मी विचारलं, काय? आई म्हणाली, "तुजं काय काम?"

एके दिवशी मी पोहोचलो तेव्हा दोघी मूर्तीकडे वाकून बघत होत्या. दिव्याखाली सायबिणीचा एक डोळा मोठा होता आणि एक लहान. भुवया जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या.

"हा पहिला," आई म्हणाली.

लग्न होऊन ती या चर्चमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा सायबीण अशी होती. नवी नवरी, शेजारी सासू, आणि समोर एक डोळा मोठा एक लहान असलेली मरियामाता. आईला हसू आवरलं नव्हतं. सासूने दंडाला चिमटा काढला होता. घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, कुणी हो रंगवली ही? तर ते म्हणाले, मी. पहिल्यांदाच दिली मला. "आठ दिवस बोलले नाय माझ्याशी. नव्या नवरीशी!"

मुलीने सुरी टेबलावर ठेवली. "मावशी, ह्याच्या खालचे थर जुने आहेत. दुसऱ्या कुणाचे तरी. हा काढू? की हा एवढा राहू दे? मी समितीला सांगते काहीतरी. नाकाकडचं लाकूड मागून भरता येईल कदाचित."

तिने 'कदाचित' म्हटलं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता, आईलाही. आई उठली. मूर्तीजवळ गेली आणि त्या मोठ्या डोळ्याखाली गालावर चार बोटं टेकवली. किती वेळ ते मी पाहिलं नाही, मी खिडकीबाहेर बघत होतो.

"काढ गो," ती म्हणाली. "ह्याच्या पुढे माझं कोण नाय. मी जाते घरी."

खुर्ची मी उचलून आणली. त्यानंतर ती त्या खोलीत गेली नाही. ईस्टरच्या सकाळी कोनाड्यावरचं कापड काढलं. आजूबाजूच्या बायका माना वर करून बघत होत्या, कुजबुजत होत्या. आई समोर अल्ताराकडे पाहत होती. मिस्सा संपल्यावर ती कोनाड्यापुढे थांबली नाही, सरळ बाहेर पडली. पुढचे रविवारही तसेच गेले. मी बरोबर केलं की चूक, हे मला ठरवता येईना. लाकूड वाचलं होतं, हे एवढंच खात्रीचं होतं.

चर्च उघडायच्या दिवशी सकाळी मला लवकर जायचं होतं. आई साडी बदलून पडवीत उभी. "मी येते. आपल्या घरी पाहुणे येणार आणि आपण नाय, बरं दिसत नाय."

फाटकाबाहेर पाच-सहा गाड्या आधीच लागल्या होत्या. आतमध्ये कुणी नव्हतं. नवा चुना उजेडात पांढरा दिसत होता. आई मधल्या वाटेने पुढे गेली, अल्तारापुढे क्रूसाची खूण केली, आणि मग बऱ्याच दिवसांनी उजवीकडे वळली.

कोनाड्यात जी उभी होती तिचा रंग फिका, मातकट. कुठे कुठे तो गेलेलाच होता आणि लाकूड दिसत होतं. गाल गुलाबी नव्हते. तोंड जरासं उघडं, जणू कुणीतरी अचानक काही सांगितलंय आणि अजून नीट कळलेलं नाही. इतक्या वर्षांच्या रंगाने गालही जाड झाले होते, खालचा चेहरा निमुळता होता. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा असतो तसा.

आई खालून वर बघत राहिली. मग पदराने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"ही तर पोर हाय रे," ती म्हणाली. "आणि मी हिला आई आई म्हणत आले."

बाहेर गाडीचं दार आपटलं. कुणाचं तरी पोरगं ओरडत होतं, कुणीतरी त्याला गप्प करत होतं. फादर दारातून मला खुणावत होते.

"चल आई, तुला बाहेर खुर्ची देतो. आत गर्दी होईल."

"तू जा. मी इथेच बसते हिच्याजवळ." ती पहिल्या बाकावर कडेला सरकली, कोनाड्याच्या अगदी जवळ, आणि पदर नीट केला. "नवीन हाय बिचारी. एवढी परकी माणसं एकदम बघायला येणार, घाबरेल."

मी दार उघडायला गेलो.